गोठ्यासारखं घर

तुम्हाला सांगते, वाळ्याचा वास मला अजूनही सोसत नाही. लोक त्याचं अत्तर लावतात, सरबत पितात. माझ्या मात्र छातीत नुसती जळजळ होते.

याचं कारण माझ्या जाऊबाई. इंग्रजी राज होतं तेव्हाची गोष्ट. दोघं भाऊ वेगळे झाले आणि सक्करदऱ्याच्या तलावाकडे नवी वस्ती पडत होती, तिथं शेजारी-शेजारी जागा घेतल्या. थोरल्या दिरांचं घर आधी उठलं. अगदी साहेबाच्या बंगल्याची नक्कल. विटांच्या भिंती, वर टिन, आणि रस्त्याकडे, म्हणजे नेमक्या पश्चिमेला, काचेच्या मोठ्या खिडक्या. टिनाखाली माणूस भाजून निघायचा, पण त्यांच्याकडे त्याचीही सोय होती. ऊन तापायला लागलं की दारंखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागायच्या आणि एक गडी दिवसभर त्यांवर पाणी मारत बसायचा. आम्ही तोवर आमच्या जागेतल्या एका झोपडीवजा खोलीत होतो. वारा फिरला की त्या ताट्यांचा वास कुंपणावरून आमच्याकडे यायचा. गारवा त्यांच्या घरात, आमच्या वाट्याला नुसता वास!

तेवढंही मी गिळलं असतं. पण सासूबाई तिकडे होत्या ना! आत्याबाई म्हणायचो आम्ही त्यांना. मला आई नव्हती. लग्न होऊन आले तेव्हापासून माझी वेणी त्यांनी घातलेली. उन्हाळ्यात त्यांची एक रीत होती. जेवण झालं की काखेत चटई घेऊन घरभर फिरायच्या, वाकून जमिनीला गाल लावून बघायच्या, आणि मनासारखी जागा मिळाली की "हं, इथं गार आहे वं" म्हणून पसरायच्या. हे शब्द जाऊबाईंच्या फरशीला रोज मिळत. आमच्याकडे एकदाच आल्या. गाल लावला, लगेच उठल्या, आणि चटई घेऊन परत गेल्या. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते. तेव्हाच ठरवलं, माझं घर असं बांधायचं की ती चटई इथंच पसरली पाहिजे.

ह्यांनी नकाशा करून ठेवला होता. भावाच्याच घराचा, फक्त लहान. हे कचेरीत कारकून. जन्मभर पाणी मारायला गडी कुठून आणायचा? मी म्हटलं, "आपल्या जुन्या घरी भर उन्हाळ्यात सगळ्यात थंड जागा कोणती होती, सांगा बरं?"

"देवघर?"

"गोठा! आपल्या मोठ्या पोरीले घामोळ्या फुटल्या का मी तिथंच निजवत होती."

"म्हणजे मले आता दावणीले बांधतं काय वं?"

हसू दिलं त्यांना. चुलीतली राख घेतली आणि मोकळ्या जागेवर घर आखलं, खऱ्या मापाचं. पश्चिमेला एकही खिडकी नाही. जाड मातीची भिंत, आणि तिच्याबाहेर सपरी, म्हणजे उतरत्या छपराची पडवी, इतकी खाली उतरलेली की उन्हानं भिंतीला शिवूच नये. वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, त्याखाली बांबू अंथरून मातीचा थर. गरम हवा निघून जायला आढ्याजवळ झरोके. चूल घरात नाही, मागं वेगळी. आणि खिडक्या समोरासमोर, अगदी जमिनीलगत, गोठ्यात असतात तशा. वारा निजलेल्या माणसाला लागायला हवा. उभ्या माणसाच्या डोक्यावरून गेला तर काय उपयोग त्याचा? मी स्वतः राखेच्या रेघांमध्ये आडवी होऊन बघितलं.

तेवढ्यात कुंपणावरून जाऊबाई. "काय करून राहिली वं धुळीत लोळून?"

"घर बांधून राहिली."

"अन् खिडक्या इतक्या खाली काहून? म्हशी येऊन राहिल्या काय राहाले?"

झालं! घर उभं राहिलं आणि वस्तीभर त्याचं नाव गोठा पडलं. पडू दे म्हटलं. मी रोज सकाळी सारवायची आणि दुपारी दार उघडं टाकून बसायची. आत्याबाई काही येईनात. वाळ्यापुढं शेणमातीला कोण विचारतो?

मग एका वैशाखात विहीर आटली. पिण्यापुरतं पाणी मिळेना, ताट्यांना कुठलं? त्या कडकड वाळल्या, आणि टिनानं आपला गुण दाखवला. भर दुपारी आत्याबाई आल्या, काखेत चटई. मधल्या खोलीत वाकल्या, गाल लावला.

"अगं माय! इथं तं गार आहे वं!"

तुम्हाला काय सांगू! मी त्यांच्या उशाशी जागा करून बसले. तेवढ्यात दारात जाऊबाई, डोक्याला फडकं बांधलेलं, हातात उशी. "येऊ काय वं?"

"या न, जाऊबाई. म्हशीले काय परकं आहे इथं?"

ती खुशाल हसली आणि माझ्या-आत्याबाईंच्या मधोमध आडवी झाली! आत्याबाईंनी कूस वळवली, पाठ माझ्याकडे, आणि तिचं कपाळ दाबायला लागल्या. "लई तापलं माय तुझं डोकं," म्हणाल्या, तिला.

खिडकीतून वारा आला, अगदी मी आखला होता तसा, जमिनीलगत. त्या दोघींच्या अंगावरून फिरून माझ्याकडे आला, आणि येताना जाऊबाईंच्या उशीतल्या वाळ्याचा वास घेऊन आला.