पदरावरचा गुत्ता

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला धक्का बसायला नको. सुरतेच्या डिंडोलीत आमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींना बजावतात, हिच्या वाटेला जाऊ नका. बरोबरच बजावतात.

पर्वत पाटियाजवळच्या एका साड्यांच्या पेढीत मी डिझाइन काढते. काठ, बुट्टे, पदर सगळं कॉम्प्युटरवर रंगवायचं, मग ते मशीनवर छापलं जातं. माझी पहिली डिझाइन छापून आली ती पोपटांची. आई हरखून गेली. धुळ्याला तिच्या भाचीचं लग्न होतं, तिथे लेकीच्या हातची साडी नेसायची म्हणून ती स्वतः पेढीवर खरेदीला आली. सेठने थप्पीतून एक साडी उचललीसुद्धा. मग त्याने आईच्या पायातल्या स्लिपरकडे पाहिलं, हातातल्या पिशवीकडे पाहिलं, आणि साडी परत ठेवून गोदामातून सेकंड मागवली. सेकंड म्हणजे छपाईत बिघडलेला माल. पदराच्या मधोमध चार बोटं रंगच बसला नव्हता. पोपटांना डोकी नव्हती.

“तमारे तो सेकन्ड चाले, बेन,” सेठ हसून म्हणाला. “कोण जोवानुं छे?”

कोण बघणार आहे! आई “चालेल, सेठ” म्हणाली आणि पिशवीत साडी घालून निघाली. मी काचेपलीकडे बसून सगळं ऐकलं आणि गप्प राहिले. नोकरी नवी होती. त्या गप्प बसण्याचा राग मला सेठच्या बोलण्यापेक्षा जास्त आला, पण तोही मी सेठच्याच नावावर टाकला. लग्नात आईने दिवसभर तो पदर मुठीत धरला होता. अक्षता टाकल्या त्या उजव्या हाताने, डाव्या हाताची मूठ काही सुटली नाही. वऱ्हाडी बायकांना वाटलं हिचा हात दुखतोय.

त्या दिवशी ठरवलं, सगळे बघतील असं काहीतरी करायचं.

दोन वर्षं वाट पाहावी लागली. मग पदरावर अख्खं गाव छापायची टूम निघाली आणि केरळच्या एका व्यापाऱ्याने कोळ्यांचं गाव मागितलं. “खरं नको, कल्पनेतलं काढ,” असा निरोप आला. मी समुद्र पाहिलाय तो डुमसचा, तोही भजी खात. पण कल्पनेतलं म्हटल्यावर अडचण काय! होडीएवढे मासे काढले. माशांवर स्वार झालेले कोळी काढले. बांबूंवर उभी घरं, जाळ्यात अडकलेला चंद्र, सुपात कोळंबी पाखडणाऱ्या बायका. आणि पदराच्या ऐन मधोमध, जिथे आईच्या साडीवर पांढरा पट्टा होता तिथे, धक्क्यावरचा दारूचा गुत्ता. सगळ्या होड्यांची तोंडं त्याच्याकडे. गुत्त्यात पिंपं, सुरया, झिंगून पडलेले कोळी, आणि उंबऱ्यात पेला घेऊन बसलेला सगळ्यांत मोठा दारुडा. त्याला मी सेठचं तोंड दिलं.

आमचा सेठ एकादशीला पाणीसुद्धा मोजून पितो. व्यसनमुक्तीवर भाषणं देतो, त्याचे व्हिडिओ आम्हा सगळ्यांना पाठवतो आणि पाहिले का म्हणून विचारतो. त्या तोंडावर मी दोन दिवस घालवले. चोरून काढलेला फोटो समोर ठेवून लांब कानाच्या पाळ्या, कपाळावर सरकवलेला चष्मा, चढवलेली डावी भुवई, सगळं जिथल्या तिथे बसवलं. खालचं धड मात्र तासाभरात झालं. त्यासाठी फोटो लागला नाही, हात आपोआप चालला.

सेठने डिझाइन पाहिली. गुत्त्यावर बोट ठेवून विचारलं, “आ शुं छे?”

“चहाची हॉटेल, सेठ.”

“सरस,” म्हणाला आणि पास केली. माणसाला स्वतःचं तोंड एवढंसं काढलेलं ओळखू येत नाही, हे मला तेव्हा कळलं. छपाईच्या मास्तरांनी मात्र पहिली साडी मशीनवरून उतरताच ओळखलं. उत्तर प्रदेशचे, वयस्कर, कधी न हसणारे. त्यांनी साडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर रुमाल धरून बाहेर निघून गेले.

साडी धडाक्यात चालली. सुरतेत चाललेली डिझाइन आठवडाभरात चोरीला जाते, तशी तीही गेली. समोरच्या मार्केटमधल्या पेढीने जशीच्या तशी उचलली, वर गुत्ता दुपटीने मोठा केला. आता तोंड लांबूनही दिसायला लागलं. सेठ जिन्यातून गेला की मागे कोणीतरी पेला धरल्यासारखा हात करायचं. सेठला कळेना लोक का हसतात. तो चोरीवरच भडकला होता. दोन्ही साड्या टेबलावर पसरून, भिंग घेऊन, त्याने मला आणि मास्तरांना बोलावलं.

“जो! नाकपण सेम!” बघ म्हणत, स्वतःच्याच नाकावर बोट आपटत तो ओरडला.

मास्तरांना खोकल्याची उबळ आली. मला इतकं गार वाटलं म्हणून सांगू! दोन वर्षांची आग त्या एका बोटाने विझली. आणि वर त्याच दिवशी, एवढी चालणारी डिझाइन काढली म्हणून खूश होऊन, सेठने थप्पीतली एक कोरी करकरीत साडी आईसाठी म्हणून माझ्यापुढे टाकली. “मम्मी माटे,” म्हणाला. आपण त्या मम्मीला काय दिलं होतं ते त्याला आठवतही नव्हतं. परत थोडी धग लागली, पण साडी मी घेतली.

घरी येऊन आईपुढे पदर पसरला आणि आमच्या अहिराणीत विचारलं, “देख व माय, हाऊ कोन शे?”

मला वाटलं ती खळखळून हसेल. तिने चष्मा लावला. माशांवरून, होड्यांवरून बोट फिरवत गुत्त्याशी आली आणि थांबली.

“सेठ शे व! त्याले देख, दारूड्या करी टाका,” मी म्हटलं.

“तोंड सेठनं ऱ्हाई,” आई म्हणाली. “हात तुना बापना शेतस.”

मी वाकून पाहिलं. उंबऱ्यात एक पाय दुमडून बसणं. पेला दोन्ही तळव्यांत धरणं, एका हातात थरथरतो म्हणून. आणि डाव्या हाताची करंगळी वर, ताठ. उधन्याच्या कारखान्यात लूममध्ये सापडल्यापासून वडिलांची ती करंगळी वाकत नसे. मी अकरावीत असताना ते गेले, दारूनेच गेले. मी वाढले दारूबंदीच्या गुजरातेत, दुसरा दारुडा पाहिला होता कुठे? ते प्यायचे ही गोष्ट आईने माहेरात कोणाला कळू दिली नव्हती. विचारलं की छातीचा आजार सांगायची. आणि मी त्यांना पदरावर बसवून गावोगाव धाडलं होतं. वर चोरणाऱ्यांनी दुपटीने मोठं केलं होतं.

“मी जानीसन नही करं, माय,” मी म्हटलं. मुद्दाम नव्हतंच केलं.

“माले माहीत शे,” ती म्हणाली आणि साडीची घडी घातली.

श्रावणात आम्हा खानदेशींच्या देवीच्या, कानबाईच्या मिरवणुकीला ती तीच साडी नेसली. मी म्हटलं, दुसरी नेस. ती म्हणाली, लेकीनी करेल शे, कसाले नको? गल्लीतल्या बायका पुढे येऊन डिझाइन बघू लागल्या, पदर दाखवा म्हणाल्या. धुळ्याची भाचीही आली होती, सासर इथेच सुरतेत, लिंबायतला आहे तिचं. आई सगळ्यांशी हसून बोलली. कानबाईपुढे नारळ ठेवला तो उजव्या हाताने. डाव्या मुठीत पदर होता, गुत्त्यापाशी धरलेला, आणि ती मूठ तापीवर विसर्जन होईपर्यंत सुटली नाही.