ल्यूबाईंचं गाव

ल्यूबाईंच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला बोलायची सोय नसे. तोंडात गुलाबी लगदा भरलेला, हनुवटी बाईंच्या मुठीत, आणि बाई छताकडे बघत संथ लयीत म्हणत, "फुक, सू, खोंग, नेन..." अशा चार ओळी होत्या. संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा संपेपर्यंत लगदा घट्ट होई आणि दातांचा साचा फटकन बाहेर येई. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे त्या ढुंकूनही बघत नसत. "ह्या ओळी म्हंजी बाबांचं घड्याळ. ह्याला सेल लागत न्हाई," असं म्हणायच्या. शब्दांचा अर्थ त्यांनाही ठाऊक नव्हता.

माझ्या आईची कवळी त्यांनीच केली. साचा, मग मेणाचा नमुना, मग घासाघीस. आकुर्डीहून देहूरोडला इतक्या खेपा झाल्या की आई घरी भाजी ढवळताना "फुक, सू" करायला लागली.

बाई चिनी वंशाच्या, पण जन्म देहूरोडचा आणि बोली थेट मावळातली. नवा पेशंट क्षणभर त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच राही. "बघून झालं आसंल तर आ करा," बाई म्हणत. आमच्या भागात नावानंतरचा प्रश्न गावाचा असतो. कुणी बीडचा, कुणी चिपळूणचा. मे महिन्यात निम्मी वस्ती गावाला जाते. बाईंना विचारलं की त्या "देहूरोड" म्हणत. समोरच्याने "तसं नाही हो, मूळ गाव?" असं ताणलं की त्यांच्या हातातली कानस एकदम जोरात चालायला लागे.

बासष्टचं युद्ध झालं तेव्हा त्या लहान होत्या. लष्कराच्या गावात चिनी दंतवैद्य म्हटल्यावर वडिलांना चौकीत हजेरी लागली. घाबरून त्यांनी घरातलं चिनी अक्षर तेवढं चुलीत घातलं. पत्रं गेली, कॅलेंडर गेलं, चहाच्या डब्यावरचा कागदसुद्धा गेला. मुलीने गाव विचारलं की ते ओठांवर बोट ठेवत. मरेपर्यंत त्यांनी ते सांगितलं नाही. आणि त्यांच्या रिवाजात थडग्याच्या दगडावर माणसाचं गाव कोरतात. वडिलांच्या दगडाची ती बाजू कोरीच राहिली. बाई दर वर्षी जाऊन दगड धूत. "परक्यावानी पडल्यात बाबा," त्या एकदा माझ्या आईला म्हणाल्या. "मी जायच्या आधी तेवढं व्हाया पायजे, अक्का." त्यांच्या हृदयाचं दुखणं तेव्हा डॉक्टरांच्याही हाताबाहेर गेलं होतं.

मी चाकणला नोकरीला. आमच्या कंपनीत मशिन बसवायला लिन नावाचा चिनी इंजिनियर आला होता आणि त्याची सरबराई माझ्या गळ्यात पडली होती. चिक्की खाताना त्याच्या दाढेची कॅप तुटली, म्हणून मी त्याला बाईंकडे नेलं. बाईंनी लगदा भरला, हनुवटी धरली आणि सुरू केलं. दुसऱ्या ओळीला लिनचे डोळे मोठे झाले. तो उठू बघत होता, घशातून कसलेसे आवाज काढत होता. "हलू नगा, साचा बिघडंल!" बाईंनी त्याला खुर्चीत दाबून धरला. मला वाटलं, याचा श्वास अडकलाय. तिसऱ्यांदा चार ओळी झाल्या, साचा निघाला आणि तोंड पुसायच्या आधी तो ओरडला, "हे कुणी शिकवलं?"

मग त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि मी मराठीत. ही त्याच्या आजीची बोली. तिकडे प्रत्येक गावातल्या घराण्याचे असे शब्द ठरलेले असतात. एका पिढीच्या सगळ्या नावांत पहिला शब्द, पुढच्या पिढीच्या नावांत दुसरा. हे शब्द मिळाले की घराणं सापडतं, आणि घराणं सापडलं की गाव.

"बाबांचं नाव सूमिन," बाई हळूच म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

लिनने रेकॉर्डिंगसाठी मोबाइल पुढे केला, तेवढ्यात दवाखान्यामागच्या घरातून बाईंचा मुलगा हेन्री आला. तळवड्याला आयटीत होता. सरकारी प्रोजेक्टवर निवड झाली होती आणि पोलीस व्हेरिफिकेशन व्हायचं होतं. "आई, चीनला आवाज पाठवणार? आत्ता? माझं काय होईल, कळतंय का?" मला त्याचा राग आला, पण त्याचं चुकत होतं असंही म्हणवेना. बाईंनी लिनचा मोबाइल हाताने बाजूला सारला. "ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात लिन मायदेशी गेला.

पण त्याने ते शब्द बसल्या बसल्या पाठ केले होते. काही महिन्यांनी मला त्याचा मेसेज आला. मी बाईंकडे गेलो आणि मोबाइल काढू लागलो.

"दावू नगंस. तोंडानं सांग."

"साकहांग. म्हणजे खडकाचा ओढा."

"म्हंजी खडकीच की!" त्या हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या.

हेन्रीने बजावलं, व्हेरिफिकेशन होईपर्यंत हे नाव घराबाहेर काढायचं नाही. बाईंची कानस जोरात चालायला लागली. मग एक दिवस व्हेरिफिकेशनसाठी हवालदार आला. आईची कवळी सैल झाली होती म्हणून आम्ही दोघं तिथेच होतो. आधी साधे प्रश्न झाले आणि मग त्याने विचारलं, "मूळ गाव?"

हेन्री आईकडे बघत होता. कानस थांबली. नुसतं "देहूरोड" म्हटलं असतं तरी चाललं असतं. जन्मभर तेच म्हटलं होतं.

"माझं देहूरोड," बाई म्हणाल्या. "माझ्या बाबांचं साकहांग. चीनमधलं. दोन्ही लिवा."

हवालदाराने पेन उचललं. "कधी गेला होता तिकडं?"

"मी लोणावळ्याच्या पल्याड गेले न्हाई, बाबा. पन बाप कुठला त्ये मी दडवनार न्हाई. माझ्या बापानं लई दडवलं."

त्याने लिहून घेतलं. हेन्रीचे कागद रेंगाळले आणि प्रोजेक्ट दुसऱ्याला मिळाला. नोकरी राहिली, पण त्याने आईशी अबोला धरला. दगडावर साकहांग कोरलं त्या दिवशीही तो आला नाही. बाई अक्षरांवरून बोट फिरवत कितीतरी वेळ उभ्या होत्या. मला हेन्रीला धरून आणावंसं वाटत होतं.

त्या हिवाळ्यात बाई गेल्या. वडिलांच्या शेजारीच जागा मिळाली. माती लोटायच्या आधी हेन्री पुढे झाला. "फुक, सू, खोंग, नेन," त्याने म्हटलं. दुसऱ्या ओळीत अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडला. घरात जन्मभर ऐकलेलं त्याला येत नव्हतं. तो खाली बघत उभा राहिला.

मागून माझी आई पुढे आली, त्याच्या शेजारी उभी राहिली आणि जिथे तो अडला होता तिथून तिने म्हणायला सुरुवात केली. बाईंचीच लय. चौथी ओळ संपली.

"काकू," हेन्री म्हणाला, "परत म्हणा. सावकाश."