रोजचा सोमवार

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात माझ्या घरमालकीणकाकींइतकं संशयी माणूस दुसरं नसेल. सकाळी पोदेर भोंगा वाजवत पाव घेऊन आला की त्या एकेक उंडा दाबून बघत, मग कानाशी नेऊन टिचकी मारत, आणि त्या पोदेराकडे अशा बघत की आपण कालचाच पाव आणलाय की काय, असं त्या बिचाऱ्यालाही वाटू लागे. मासळीवालीच्या शपथेपेक्षा बांगड्याच्या कल्ल्यांवर त्यांचा विश्वास जास्त.

मी तिथल्याच तुये गावच्या कारखान्यात लागलो आणि त्यांच्या मागच्या खोलीत जेवणासकट राहायला आलो. मी बेळगावकडचा, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. मासे खात नाही म्हटल्यावर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"नुस्तें खायना? मगे तुजो रोजच सोमार?"

सोमवारी त्या स्वतः मासळीला शिवत नसत. पण रोज सोमवार पाळणारा माणूस काहीतरी लपवतोय, बहुधा पोटाचा आजार, असं त्यांनी ठरवून टाकलं. डबा रिकामा आला तर मी तो कुत्र्याला घातला असणार, भरलेला आला तर आजार बळावला. तरी माझ्यासाठी त्यांनी नवा टोप आणला. त्याला आपल्याच हातून नुस्त्याच्या कढीचा डाव लागला असेल, या शंकेने भाजी टाकण्याआधी तो रोज पुन्हा घासत.

एकदा काकी तापाने पडल्या. एकट्या बाई, आणि पेजेला तोंड लावीनात. सोबत खारा बांगडा हवा होता, भाजायला घरात मीच. त्या दिवसेंदिवस खंगत चाललेल्या पाहून मी घाबरलो. शेवटी नाकाला टॉवेल बांधला आणि जन्मात पहिल्यांदा मासा हातात धरला. एक बाजू करपली, दुसरी कच्ची राहिली.

"कोणें भाजलो?" काकींनी विचारलं.

मी म्हटलं, मी. त्यांना पटेना. माझा हात ओढून त्यांनी हुंगला, आणि मग सगळी पेज संपवली, करपलेल्या बाजूसकट. डोळे पुसले ते धुरामुळे, असं त्यांनी न विचारताच सांगितलं.

मी बेळगावला परतलो त्यालाही आता बरीच वर्षं झाली. परवा न कळवता त्यांच्याकडे गेलो. काकींना आता नीट दिसत नाही, उंडे नुसते कानाशी नेतात. माझा टोप मात्र वेगळ्या खुंटीला, लख्ख घासलेला. आता तरी मासळीला वापरायला काढा, मी म्हटलं.

"तुजो भरवसो खंय? सांगनासतना येतलो."

मग माझा हात चाचपून त्यांनी हातात घेतला, हुंगला, आणि भाजी चिरायला उठल्या.