विमानाचा पत्रा

तलाठी म्हणून माझी पहिली नेमणूक वडवणीच्या बाजूला, डोंगराच्या कडेच्या एका गावात झाली. आमचं घर चौसाळ्याचं, किराणा दुकानाचं. आमच्याकडं वाण्याला आप्पा म्हणतात, म्हणून गावात मला सगळे आप्पाच म्हणायचे. वय पंचविशीचं आणि साहेबाची मर्जी राखायची भारी हौस.

गावाबाहेर माळावर एक विधवा म्हातारी शेळ्या घेऊन एकटी राहायची. तिच्या शेळ्यांच्या वाड्याला दार म्हणून एक मोठा पत्रा होता. ओळीनं रिबिट ठोकलेला, वजनाला हलका, कधी न गंजणारा. मोठ्या लढाईच्या काळात, निजामाच्या राज्यात, गोऱ्यांचं एक विमान मागच्या डोंगरावर पडलं होतं. आतल्या माणसाचं जळालेलं मढं तिच्या सासऱ्यानं खांद्यावरून खाली आणलं. गोरे मढं घेऊन गेले, यंत्र घेऊन गेले, बाकीचं तिथंच टाकून गेले. त्यातला हा पत्रा सासऱ्यानं वाड्याला लावला. पन्नास वर्षं त्याच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

गावात पिवळा एसटीडी बूथ आला, त्याच वर्षी पुण्याचे एक गृहस्थ मारुती घेऊन आले. परदेशात असल्या तुकड्यांना गिऱ्हाईक आहे म्हणाले. पत्र्याचे फोटो काढले आणि म्हातारीला लोखंडी दार करून द्यायचं कबूल केलं, वर पैसेही. ती खुशीनं हो म्हणाली. ही गोष्ट सरपंचाच्या कानावर गेली. गावातली निम्मी जमीन त्याची. तो माझ्याकडं येऊन बसला.

"आप्पा, ते इमान आमच्या वावरात पडलं व्हतं. पत्रा आमचा हाय."

मी जुना नकाशा काढला. डोंगराचा तो भाग सरकारी गायरान निघाला. तसं सांगितल्यावर तो हसला. "मग करा सरकारजमा. मला न्हाई तर तिलाबी न्हाई."

मी गप्प बसलो असतो तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण मी आपणहून अहवाल लिहिला, शिक्का मारला आणि तहसीलला नेऊन दिला. तहसीलदारांनी वाचून माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. "लढाईतलं विमान म्हणजे लष्कराचं. इंग्रज गेला, निजाम गेला, आता मालक आपलं सरकार. पंचनामा करा, पत्रा उचला. वर दिल्लीला लिहून विचारू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोतवालाला घेऊन माळावर गेलो. पंच म्हणून सरपंच होताच. चार रिकामटेकडी माणसंही मागं आली. म्हातारी पत्रा दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"कावून काढता ओ आप्पा? लांडगं लई झालेत. बारकी करडं हायती माजी."

"सरकारी माल आहे, आजी. तुझा असेल तर पावती दाखव."

"माज्या सासऱ्यानं मढं खांद्यावर आनलं, त्याची पावती कुनी देली व्हती का?"

सगळे हसले. मीही हसलो. मग मी कोतवालाला खूण केली. त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली आणि पत्रा ओढला. त्याची धार लागून तिचा तळवा कापला. त्याच हाताचा अंगठा मी शाईत बुडवला आणि "राजीखुशीने ताब्यात दिले" या ओळीखाली उमटवून घेतला.

वाड्याच्या तोंडाला तिनं बोराटीची काटेरी झुडपं लावली. आठवड्याच्या आत लांडग्यांनी तीन करडं नेली. तिनं येऊन सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "अर्ज दे."

पत्रा तहसीलच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. शिपाई त्याला सायकली लावायचे. पावसाळ्याआधी मोडक्या खुर्च्या-टेबलांबरोबर त्याचाही लिलाव झाला आणि तो भंगारवाल्याच्या टेम्पोत गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी दिल्लीहून लष्कराच्या कचेरीचं उत्तर आलं. या अवशेषांवर आमचा दावा नाही, पूर्वी ज्याच्या ताब्यात होते त्यास परत द्यायला हरकत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

तहसीलदारांनी कागद माझ्याकडं सरकवला. "फाईलला लावा आणि फाईल बंद करा. बाहेर बोलू नका."

मी लावला.

म्हातारी बाजाराला आली की माझ्याकडं यायची. दारातच चप्पल काढायची.

"दिल्लीहून काई आलं का ओ आप्पा?"

"अजून नाही, आजी."

"येईल का?"

"सरकारी काम आहे. वेळ लागतो."

हे मी तिला सहा-सात वेळा सांगितलं. दर वेळी ती मान हलवून, "बरं, बगा मग," म्हणायची. एकदा तर जाताना फडक्यात बांधलेली मूठभर बोरं टेबलावर ठेवून गेली. ती मी खाल्ली.

पुढच्या वर्षी माझी बदली केज तालुक्यात, युसूफ वडगावला झाली. मागाहून कळलं, तिनं उरलेल्या शेळ्या विकल्या आणि लेकीकडं गेली. ते ऐकून मी हळहळलो, पण खरं सांगायचं तर बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हा मला आनंदच झाला होता. तिला उत्तर द्यायचं काम आता दुसऱ्याकडं गेलं, हाच माझ्या मनातला पहिला विचार होता.