दहाव्या गनचा चाप

काशीदच्या सुरूच्या बनात निकेतचं पेंटबॉलचं मैदान आहे. पर्यटक तोंडाला मुखवटे लावून झाडांआड लपतात आणि एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडतात. त्यात काय मजा आहे, ते शेजारी सहा वर्षं सरबताची गाडी लावूनही मला कळलेलं नाही. तिथल्या दहा गन भागोजी सांभाळतो. वय अठ्ठावन्न, पूर्वी मुरुडच्या मचव्यावर खलाशी. त्याची बायको नीराबाई तिथेच झाडलोट करते.

रोज सकाळी प्रत्येक गनमधून दहा गोळ्या पत्र्यावर मारून बघायच्या, हे त्याचं पहिलं काम. पण उजव्या हाताची दोन बोटं कधीकाळी जाळ्याच्या दोरात चेंगरली होती आणि दोन वर्षांपासून ती वाकेनाशी झाली होती. चाप जड. मग कुणी नसताना तो गन गुडघ्यांत धरायचा आणि डाव्या हाताने चाप ओढायचा. निकेतला कळलं तर गन हातातून जातील, ही धास्ती त्याला होती. मग तिकिटाच्या खिडकीत बसावं लागलं असतं, आणि तिथे त्याचा जीव गुदमरला असता.

पावसाळ्यात मैदान बंद असतं. तेवढ्या काळात त्याने दहावी गन उघडली. आतल्या हातोड्याला एक खीळ अडवून धरते, चाप ती खीळ ओढतो. भागोजीने चाप आणि खिळीमधली कडी काढली आणि एका लॉजच्या विजेच्या मोडक्या कुलपातली कॉइल खिळीला जोडली. चापामागे बारीक स्विच, मुठीत बॅटरी. पहिल्या खेपेला कॉइलने ओढलेली खीळ परत सोडलीच नाही आणि गनने एका दमात सगळ्या गोळ्या ओकल्या. मग त्याने मध्ये टायमर बसवला. एका दाबाला एकच झटका. चापाला बोट नुसतं टेकलं की गोळी सुटू लागली. मला दाखवताना म्हातारा चक्क लाजत होता. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

"गिऱ्हाइकाची बोटं दुखनार न्हायत," त्याने निकेतला सांगितलं. "बाकीच्या नऊ पन अशाच करू."

"दसऱ्याला बघू, काका," निकेत म्हणाला.

दसऱ्याला निकेत पांढराशुभ्र सदरा घालून आला. चटईवर दहा गन मांडल्या होत्या आणि दहाही भरलेल्या, गोळी फेकणाऱ्या गॅससकट. पूजेला काही रिकामं ठेवायचं नाही, ही भागोजीची मचव्यावरची शिस्त. दहावी सगळ्यांच्या पुढे. निकेतने नारळ फोडला, भागोजीने पाणी शिंपडलं. लाडक्या गनवर जरा सढळ हाताने शिंपडलं. पाणी चापामागच्या स्विचात गेलं.

टक्, टक्, टक्. निकेतच्या सदऱ्यावर तीन हिरवे डाग. भागोजीने झडप घालून बॅटरी उपटली.

निकेत ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "जुनी कडी बसवा, काका. आत्ता."

अर्ध्या तासात कडी बसली. "आता मारून दाखवा."

भागोजीने गन खांद्याला लावली. बोट चापावर ठेवलं. चाप हलला नाही. डावा हात सवयीने पुढे आला आणि मध्येच थांबला. पूजेला जमलेले, हारतुरे घेऊन उभे असलेले सगळे बघत होते. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"कधीपासून?" निकेतने विचारलं.

झाडू भिंतीला टेकवून नीराबाई पुढे आली.

"दोन वर्सां झाली," ती म्हणाली.

भागोजीने चमकून तिच्याकडे पाहिलं. "तुला कुनी सांगितलं?"

"रोज सकाळी म्हनतोस, घाई हाय, शर्टाची बटनां तू लाव. दोन वर्सां रोजच घाई व्हय?"

निकेत बराच वेळ सदऱ्यावरचे डाग चोळत राहिला. मग म्हणाला, "चाप काकू ओढतील. आतलं काम तुम्ही बघा. आणि ती विजेची कॉइल परत बसवा, पण पूजेला ठेवू नका."

आता रोज सकाळी नऊ गन नीराबाई मारून बघते आणि दहावी भागोजी. बटणं अजून तीच लावते. घाई आहे असं तो आता म्हणत नाही.