वरचा पाचवा, खालचा चौथा

मंडळींनो, आज लिहावंच लागतंय, कारण राहू गावातल्या आमच्या भजनी मंडळातल्या बायका हिराबाईंना गाण्यातून काढायला निघाल्या होत्या.

उद्या देवळात कार्यक्रम आहे. ओळीच्या शेवटी सगळ्या सा वरून वरच्या प वर जातात. हिराबाईंचा आवाज तिथं पोचत नाही, म्हणून मी, मंडळाची गाण्याची बाई, त्यांना खालचा प लावायला सांगितला. त्यांनी सूर लावला की सगळ्या कानात बोटं घालायच्या.

"आत्याबाई, तुम्ही आपलं टाळच वाजवा," त्यांची सून म्हणाली.

"का गं? बाईंनीच शिकवलंय, प म्हंजी सा पासनं पाचवा. म्या बी खाली पाचच मोजलं!"

मी पेटीवर बोट ठेवलं. "आता मोजा. सा, नी, ध, प."

"चारच? आगं बया, म्हंजी म्या म लावत व्हते!"

तोच सूर सा पासून वर न मोजता खाली मोजला की आकडा बदलतो, एवढंच.

हिराबाई सुनेकडे वळल्या. "वरचा ग तिसरा. मग खालचा कितवा?" सून बोटं मोजत राहिली. "सहावा!" हिराबाईंनीच सांगून टाकलं.

मग त्यांचा प चोख लागला. मोजून बघण्याआधीच कुणाला बेसूर ठरवायची घाई तुमच्याकडेही होते का?

सुपूर्द: माझी पेटी, उद्या सकाळपर्यंत, सरावासाठी हिराबाईंच्या ताब्यात. सुनेला हात लावू द्यायचा की नाही, ते त्या ठरवतील.