विमलाक्कांची राहिलेली बैठक

विमलाक्का गेल्या, असा फोन आला तेव्हा मी येलहंक्याच्या बाजारात शेवग्याच्या शेंगा निवडत होतो, आणि माझ्या मनात आलेला पहिला विचार होता, ‘सुटलो!’ आधी हे कबूल करतो, मग बाकीचं. रडू आलं ते नंतर, रिक्षात, आणि इतकं आलं की रिक्षावाल्याने मीटरवर जास्तीचं काही मागितलं नाही. या शहरात यापेक्षा मोठं सांत्वन नसतं. सुटलो अशासाठी, की येत्या रविवारी मला अक्कांच्या बैठकीत बसायचं होतं. नेहमीसारखं मदतनीस म्हणून नव्हे, तर ज्याने दुसऱ्याला दुखावलं त्या माणसाच्या खुर्चीवर.

अक्का मूळच्या निपाणीकडच्या, लग्न करून इकडे कानडी मुलखातल्या शहरात आल्या आणि टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर झाल्या. “जन्मभर दोन माणसं जोडून दिली, मधलं काय ऐकलं न्हाई,” असं त्या अभिमानाने सांगायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी वेगळी जोडणी सुरू केली. गल्लीतली जी भांडणं पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत पोचत, ती अक्का हात धरून खाली उतरवत आणि रविवारी सकाळी एका शाळेच्या खोलीत आणून बसवत. ज्याने दुखावलं तो, ज्याला लागलं तो, दोघांची दोन-चार माणसं. शिक्षा कोणी द्यायची नाही. प्रश्न फक्त तीन… काय झालं, कुणाला लागलं, आता भरून कसं काढायचं. मी सरकारी कारखान्यातून निवृत्त होऊन घरच्यांना नकोसा झालो होतो, म्हणून तिथे जाऊ लागलो. माझ्याकडे खुर्च्या मांडायचं काम आलं. पहिल्याच दिवशी मी दोरी आणि खडू घेऊन अचूक वर्तुळ आखलं. अक्कांनी ते कौतुकाने पाहिलं आणि म्हणाल्या, “इंजिनियर, माणसं बसवायची हाईत, बॉयलर न्हवं.”

त्यांचा एक नियम फार कडक होता. खोलीतलं खोलीत. त्यामुळे हा लेख लिहिणं म्हणजे माझे हाल आहेत. अक्कांच्या एकाहून एक गोष्टी मला ठाऊक आहेत आणि एकही सांगता येत नाही. एका प्रकरणात एक कोंबडी आणि दोन जावई होते… नको. पण ती हकिगत ऐकलीत तर चहा नाकातून बाहेर येईल, एवढं सांगून ठेवतो. सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे, कारण तिच्यात अपराधी मीच आहे आणि दुसऱ्या पक्षाने परवानगी दिली आहे.

मुनियप्पा हा आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. मुलीच्या लग्नात त्याने इस्त्रीला आलेला एका गिऱ्हाइकाचा रेशमी शर्ट घातला. नेमकं तेच गिऱ्हाईक आहेर घेऊन हजर झालं, आणि मंडपाच्या दारात त्या गृहस्थांनी स्वतःच्याच शर्टाशी हात मिळवला. (त्यांनाही विचारलं. म्हणाले, नाव घालू नका, पण शर्ट भारीतला होता हे घाला.) प्रकरण अक्कांकडे आलं. बैठकीत मुनियप्पा ओक्साबोक्शी रडला. “माझ्याकडे अख्ख्या गल्लीचे कपडे आहेत, पण व्याह्यांसमोर घालावा असा माझा एकही नव्हता,” म्हणाला. शर्टवाल्यांचे डोळे भरून आले, दोघं गळ्यात पडले आणि प्रकरण मिटलं.

मिटलेलं मी उकरलं. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी फराळात, हातात चकली असताना, मी ही गोष्ट सांगून टाकली. नाव घेतलं नाही हो! फक्त ‘आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला’ म्हणालो, आणि कोपऱ्यावर इस्त्रीवाला एकच आहे. वर रडण्याची नक्कलही केली. मंडळाच्या नाटकात तीस वर्षं मागे भाला धरून उभं राहिलेल्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या. आठवड्याभरात बायका मुनियप्पाला म्हणू लागल्या, “माझी पैठणी कुठे लग्नाला नेऊ नका हं!” मग हळूहळू कपडे देणंच बंद झालं. त्याच्या गाडीवरचा ढीग निम्म्याला आला.

मी अक्कांपुढे बाजू मांडली, की मी नाव घेतलं नाही. अक्का म्हणाल्या, “चव तुमच्या तोंडाला आली आणि पोट त्याचं जळालंय. आता खुर्ची बदला.” मी आधी गुडघा पुढे केला, मग भाच्याचं लग्न, एकदा तर ग्रहण. अक्का दर वेळी शांतपणे म्हणायच्या, “सरी, बरं. पुढचा रविवार.” शेवटी मी हो म्हणालो, आणि रविवार यायच्या आत त्याच गेल्या. मी त्यांना दोन महिने नुसत्या सबबी ऐकवल्या, याची मला आजही लाज वाटते.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी दारावर टकटक झाली. बाहेर मुनियप्पा. “चला सार, बैठक आहे ना?” तो कन्नडमध्येच बोलतो, मला झेपलं तसं लिहितो. मी म्हटलं, अक्का नाहीत. तो म्हणाला, “मी आहे की. तुम्हीपण आहात.” शाळेच्या खोलीत आम्ही दोनच खुर्च्या मांडल्या. तिन्ही प्रश्न त्यानेच विचारले, आणि मी शाळकरी पोरासारखी उत्तरं दिली. मग म्हणाला, “तुम्ही माझ्या रडण्याची नक्कल केली म्हणे. करून दाखवा.” मला करता येईना. नक्कल सोडून खरंच रडू आलं, आणि ते नकलेपेक्षा फारच वाईट वठलं. मग त्याने भरपाई सांगितली. ही गोष्ट त्याच मंडळात, त्याच लोकांसमोर, त्याचं नाव घेऊन आणि तो समोर बसलेला असताना पुन्हा सांगायची. नंतर पेपरातही लिहायची. तुम्ही वाचताय ती भरपाईच आहे.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात मी उभा राहिलो. पहिल्या रांगेत मुनियप्पा, कडक इस्त्रीच्या स्वतःच्या शर्टात. मी सगळं सांगितलं, माझ्या चकलीसकट, आणि हात जोडून त्याची माफी मागितली. तिन्ही प्रश्न झाले की बैठक उठवण्यापूर्वी अक्का नेहमी आणखी एक प्रश्न विचारायच्या आणि कोणीतरी बोलेपर्यंत हलायच्या नाहीत. तो माझ्या तोंडून आपोआप निघून गेला.

“आणि काय राहिलं?”

मुनियप्पा उठला. मागे वळून त्याने सगळ्या मंडळाकडे एकदा पाहिलं.

“स्वल्प राहिलं, सार. तो शर्ट मला बरा दिसत होता. ते सांगा.”

सांगतो. मी लग्नातला फोटो पाहिला आहे. मालकापेक्षा त्याला बरा दिसत होता.